येशूला देव कोणी ठरवलं? वाचकांची प्रश्नोत्तरे

ख्रिस्ताच्या देवत्वावरचे प्रश्न फिरून फिरून त्याच चार-दोन गोष्टींवर येतात. धर्मशास्त्राच्या वर्गात तेच, पत्रांतही तेच. म्हणून या वेळी उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न : ‘देवाचा पुत्र’ म्हणजे देवाला पत्नी होती, असं ख्रिस्ती लोक मानतात का?

नाही. हे पुत्रत्व शरीराचं नाही, अनादि नात्याचं आहे. पिता पुत्राविना कधीच नव्हता.

प्रश्न : प्रार्थना पित्याला करावी की येशूला?

दोन्ही योग्य. उपासनेत बहुतेक प्रार्थना पुत्राच्या नावाने पित्याला केल्या जातात. पण दगडमार होत असताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने थेट येशूचा धावा केला (प्रेषितांची कृत्ये ७).

प्रश्न : येशू साधा संदेष्टा होता, सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन त्याला देव बनवलं, असा संदेश आमच्या ग्रुपवर आला. खरं काय?

हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि पुढे ढकलणारा कुणीही एक पान उघडून बघत नाही, याची मला खरोखर चीड येते.

नायसिया (आजच्या तुर्कस्तानातलं एक शहर) इथली बिशपांची परिषद ३२५ मध्ये भरली, ती सम्राटाने बोलावली, एवढं खरं. पण ‘येशू माणूस की देव’ हा तिथला वादच नव्हता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियसही पुत्राला सर्व सृष्टीच्या आधीचा, पूज्य मानत होता. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्रालाही देवाने निर्माण केलं, म्हणजे तो नव्हता असा एक टप्पा होता. परिषदेने सांगितलं, पुत्र निर्मिलेला नाही. तो पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे पित्याचं जे मूळ स्वरूप तेच त्याचं. एरियसची बाजू धरून शेवटपर्यंत सही नाकारणारे बिशप दोनच निघाले.

आता त्याच्या आधीचं पाहा. सन ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला पत्र लिहितो. ख्रिस्ती लोकांची चौकशी केली, ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात, असं त्यात आहे. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांना शिक्षा देत होता. आणि हे घडलं बिथुनिया भागात, जिथे नायसिया आहे. परिषदेच्या दोनशे वर्षं आधी! त्याहून जुनं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र आहे, पहिल्या शतकातलं. देवाच्या स्वरूपाचा असूनही जो दास झाला, त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकला जाईल, असं त्यात आहे. आणि जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथात हेच गुडघे एकट्या परमेश्वरापुढे टेकतात. इस्राएलमधल्या मगिद्दो येथे तिसऱ्या शतकातल्या प्रार्थनास्थळाची जमीन सापडली आहे. अकेप्तूस नावाच्या स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्त’ याला स्मरण म्हणून मेज अर्पण केलं, अशी अक्षरं तिथे लहान-लहान दगडी तुकड्यांत जडवलेली आहेत. तिला कोणत्या सम्राटाने शिकवलं होतं?

आणि सम्राटाच्या मर्जीने श्रद्धा ठरत असती, तर ती एरियसच्या बाजूने ठरली असती. नायसियाच्या शिकवणीचा खंदा रक्षक, बिशप अथनासियस, याला पहिल्यांदा हद्दपार केलं ते कॉन्स्टंटाइननेच. मरणाच्या उंबरठ्यावर ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून. पुढे त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस यानेही नायसियाविरोधकांनाच बळ दिलं. अथनासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. सत्ता विरोधात असतानाही हा विश्वास टिकला आणि ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत पुन्हा मांडला गेला.

बायबलची पुस्तकंही नायसियातच निवडली, हे शेपूट त्या संदेशाला बहुधा असतंच. तेही खोटं. परिषदेचे वीस नियम आज उपलब्ध आहेत, त्यांत पुस्तकांची यादी नाही. संदेश पाठवणाऱ्याशी वाद घालत बसू नका. तुमच्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना मंडळीच्या इतिहासाचं एखादं चांगलं पुस्तक मागा आणि तो पाठवणारा व तुम्ही, दोघे मिळून वाचा.

प्रश्न : ‘चर्चने दडवलेली शुभवर्तमाने’ असा एक ऑनलाइन कोर्स आहे. फी बरीच आहे. करावा का?

पैसे भरू नका. ही लिखाणं कुणी दडवलेली नाहीत. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या प्रतींचे अनुवाद केव्हाचे छापले गेले आहेत. ‘गुपित’ म्हटलं की गिऱ्हाईक मिळतं, एवढाच तो खेळ. शिवाय त्यांतल्या कितीतरी लिखाणांत येशू साधा माणूस नाही, उलट त्याचं माणूसपणच पुसट झालेलं आहे. वाचायचीच असतील तर आधी बायबलमधली चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, पूर्ण वाचा, मग जाणकाराला सोबत घ्या.

प्रश्न : त्या (शेवटच्या) दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्क १३:३२ मध्ये आहे. मग तो देव कसा?

प्रामाणिक प्रश्न. ४५१ च्या खाल्कदोनच्या परिषदेने शिकवलं की ख्रिस्त ही एकच व्यक्ती, तिचे स्वभाव दोन, पूर्ण दैवी आणि पूर्ण मानवी. त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. मार्कचाच चौथा अध्याय उघडा. वादळात होडीच्या मागच्या बाजूला तो उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे, दमलेल्या कोणत्याही माणसासारखा. उठतो, वाऱ्याला धमकावतो, आणि समुद्र निवतो. झोपलेला आणि धमकावणारा एकच आहे. न जाणणं हे त्याने खरोखर पत्करलेल्या मानवी जीवनातलं, असं मंडळीच्या आचार्यांपैकी अनेकांनी म्हटलं आहे. काहींनी वेगळं स्पष्टीकरणही दिलं. एका ओळीवरून निष्कर्ष काढू नका, बायबल अभ्यासाच्या गटात हा अध्याय सलग घ्या.

प्रश्न : रविवारच्या शाळेत त्र्यैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावताना पाणी, बर्फ, वाफ सांगितलं तर चालेल?

नको. त्यातून एकच देव वेळोवेळी तीन रूपं घेतो असं मुलं शिकतात, आणि ती शिकवण तिसऱ्या शतकातच नाकारली गेली. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगा: पुत्र पाण्यात, आत्मा उतरताना, पित्याची वाणी आकाशातून. धडा पाळकांना दाखवून मगच घ्या.

प्रश्न : दारावर आलेले प्रचारक म्हणतात, येशू ही देवाची पहिली निर्मिती. घरी अभ्यास घ्यायलाही तयार आहेत.

म्हणजे एरियसचंच मत. योहान १:३ वाचा: जे काही झालं ते त्याच्याद्वारे झालं, त्याच्यावाचून काहीच झालं नाही. मग झालेल्या वस्तूंत त्याला कसं बसवणार? पाहुण्यांशी अदबीने वागा, पण अभ्यासाला हो म्हणण्याआधी पाळकांशी बोला.

प्रश्न : येशू देव आहे याबद्दल मनात शंका आहे. म्हणून दोन वर्षं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर व द्राक्षारसाचा विधी) घेतलेलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

दोन वर्षं का थांबलात? शंका लपवून ठेवली की ती वाढते आणि माणूस एकटा पडतो. उठलेल्या येशूला शिष्यांनी पाहिल्यावर थोमाने साफ सांगितलं की जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्यासोबतच होता, आणि ‘माझा प्रभू व माझा देव’ हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले. प्रभुभोजन केव्हा घ्यायचं हे मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्या मंडळीची शिस्त आणि तुमच्या मनाची अवस्था मला दिसत नाही. ते तुमच्या पाळकांनी तुमच्यासमोर बसून ठरवायचं आहे. याच आठवड्यात त्यांची वेळ मागा, आणि शंका जशी आहे तशी, न सजवता सांगा. त्यांनी ऐकून न घेता गप्प बसवलं, तर दुसऱ्या अनुभवी पाळकांकडे जा.