साखर बॉर्डरवर, वजन वाढलेलं, अर्धशिशीही वाढली आहे. 16 तासांचा उपवास सुरू केला तर हे सगळं आटोक्यात येईल का?

वजन-साखरेला फायदा होईलही, पण अर्धशिशीवाल्याने एकदम 16 तासांवर उडी मारू नये, असं माझं मत. मी जुनी पेशंट. संकष्टीला काही न खाता थांबले, तर चंद्राच्या आधी उजव्या भुवईवर ठणका उगवतो. उपाशीपोटी डोकं उठणं बहुतेक अर्धशिशीवाल्यांच्या ओळखीचं आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण बसल्या जागी 20 टक्के ऊर्जा तोच खातो.

वजनाचा संबंध खरा आहे. लठ्ठपणा असेल तर कधीमधी येणारी अर्धशिशी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवसांवर जाण्याची भीती वाढते. साखरेचं गणित मात्र उलटंच निघालं. फ्रान्समध्ये 70 हजारांहून जास्त बायकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, निष्कर्ष 2018 मध्ये आले: अर्धशिशी असलेल्यांना टाइप 2 मधुमेह कमी झाला आणि ज्यांना झाला त्यांची अर्धशिशी निदानाच्या आधीच्या वर्षांत कमी होत गेली होती. म्हणून साखर उतरली की डोकं थांबेल, या भरवशावर राहू नका. साखर उतरवायचीच, पण ती हृदय-किडनीसाठी.

2025 मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या डॉक्टरांनी अर्धशिशी असलेल्या लठ्ठ रुग्णांना लिराग्लुटाइड या साखर-वजन उतरवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिल्याचा अभ्यास आला. डोकेदुखीचे दिवस महिन्याला सुमारे 11 ने घटले, वजन फारसं न उतरताही! पण माणसं तीसेक, तुलनेला दुसरा गट नाही. एवढ्यावर इंजेक्शन मागायला धावू नका.

त्याआधी गोळ्यांची पाकिटं बघा, हे कुणी सांगत नाही. अर्धशिशी रोखायला देतात त्या फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलीन, व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढू शकतं. टोपिरामेटने उतरतं, पण गरोदरपणात ते चालत नाही. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सरळ विचारा, ‘वजन वाढतंय, बदलता येईल का?’ साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त लागत असेल तर तेही सांगा, तिच्यानेच डोकं दुखत राहू शकतं.

उपवास करायचाच असेल तर रात्रीचं जेवण सातला घ्या आणि सकाळी सातला नाश्ता. बारा तास होतात, माझ्या डोक्याला तेवढे चालतात.