एकाच मनगटाला ९ महिने सूज: आमवात की आणखी काही?

प्रश्न: आई ५४ वर्षांची आहे. आम्ही निफाडजवळ राहतो, घरची शेती आणि दोन गाई. तिच्या उजव्या मनगटाला ९ महिने सूज आहे. रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर थोडा जास्त आला म्हणून आमवाताच्या गोळ्या आणि स्टिरॉइड चालू केलं. स्टिरॉइडने आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. दुसरा एकही सांधा दुखत नाही. हे इन्फेक्शन असू शकतं का?

उत्तर: असू शकतं. दुसरा एकही सांधा दुखत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा.

मी डॉक्टर नाही. नाशिकमधल्या एका लॅबमध्ये २० वर्षं कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या, टेबलावर काम केलंय. त्यामुळे आजारांपेक्षा त्यांचे नमुने मला जास्त कळतात, आणि ते वाया कसे जातात ते तर फारच चांगलं कळतं. यातला एक नमुना माझ्या सख्ख्या भावाचा होता.

दादाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्याचा डावा गुडघा सुजला आणि १४ महिने आमवात म्हणून औषध चाललं. आठवड्याला मेथोट्रेक्सेटची गोळी, मधे दोनदा गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन. प्रत्येक इंजेक्शननंतर सूज उतरायची आणि महिन्याभरात दुप्पट होऊन परत यायची. मांडी वाळत चालली होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन उतरलं, तर आम्ही म्हणालो, छाटणीच्या दिवसांत कोणाचं वाढतं? क्षयाच्या स्लाइड मी रोज दुर्बिणीखाली बघत होते, तरी घरातल्या माणसाच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. ती चूक माझीही आहे.

स्टिरॉइडने बरं वाटतं म्हणून आमवातच असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण सूज आणि ठणका हे बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या लढाईमुळे असतात. स्टिरॉइड ती लढाई दाबतं. दुखणं कमी होतं आणि जंतूला मोकळं रान मिळतं. आरए फॅक्टरचंही तसंच. तो क्षयासारख्या जुनाट इन्फेक्शनमध्ये वाढू शकतो, आणि उतारवयातल्या काही धडधाकट माणसांतही सापडतो. अँटी सीसीपी ही चाचणी जास्त भरवशाची, पण तीही शंभर टक्के नाही. आमवात सहसा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सारखाच धरतो. सुरुवात कधी कधी एका सांध्यापासून होते हे खरं, पण ९ महिने एकाच मनगटात मुक्काम म्हटला की शंका घ्यायलाच हवी.

शेवटी दादाच्या गुडघ्यातून दुर्बिणीने आतल्या आवरणाचा तुकडा काढला. आणि सगळाच्या सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत टाकला! फॉर्मॅलिन पेशी टिकवतं, पण जंतू मारतं, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. रिपोर्ट आला 'ग्रॅन्युलोमा'. म्हणजे जुनाट दाहाची गाठ. ती क्षयाने होते, बुरशीने होते, आत राहिलेल्या काट्यानेही होते. औषध कोणतं द्यायचं, हे त्यावरून ठरेना. त्याला पुन्हा भूल, पुन्हा टेबल. दुसऱ्या वेळी मी स्वतः दोन डब्या घेऊन दाराशी उभी होते: एक फॉर्मॅलिनची, दुसरी निर्जंतुक सलाईनची. सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी झटपट चाचणी, त्याच दिवशी निगेटिव्ह आलं. सांध्यात क्षयाचे जंतू थोडेच असतात, त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नसतं. २३ व्या दिवशी कल्चर पॉझिटिव्ह आलं. क्षयच होता.

म्हणून दुर्मिळ जंतूंच्या मागे लागण्याआधी क्षयाचा विचार करा. एकूण क्षयरोग्यांत हाडासांध्याचे थोडेच, त्यातही निम्मे मणक्याचे, मनगटाचे तर अगदी मोजके. तरी आपल्याकडे पहिला संशय त्याच्यावरच. मनगटातून कधी कधी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे निघतात. ते क्षयात असतात तसे आमवातातही असतात, त्यामुळे नुसते बघून ठरवता येत नाही.

आता बाकीचे. आईंना नीट बसवून विचारा, वर्षभरात हाताला काटा लागला होता का. बोरीचा, बाभळीचा, कुंपणाचा कुठलाही. बायका शेतात काटा मोडला की सुईने उकरतात आणि विसरतात. तुटलेलं टोक सांध्याशी राहिलं तर महिनोन्‌महिने सूज राहते आणि साध्या एक्स-रेत काटा दिसत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. गुलाबाच्या काट्यातून स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशीही शिरते. (नाशिकला मोगलांनी गुलशनाबाद म्हटलं होतं, आणि आज पॉलिहाउसमध्ये गुलाब तोडणाऱ्या किती बायकांच्या हातात हातमोजे असतात, ते बघा.) घरात माशांची टाकी असेल तर तेही सांगा. त्या पाण्यातला क्षयाचा एक भाऊबंद हाताच्या जखमेतून आत जातो. तो ३० अंशांच्या आसपास वाढतो, लॅबमधल्या जंतू वाढवायच्या नेहमीच्या ३७ अंशांच्या पेटीत बहुतेक वाढतच नाही. लॅबला सांगितलंच नाही तर रिपोर्ट 'काही वाढलं नाही' असाच येणार.

घरी गाई आहेत, म्हणून गुरांकडून माणसाला लागणारा ब्रुसेला हा जंतूही आलाच. कच्चं दूध, किंवा गाभडलेल्या गाईची वार हाताने काढणं, यातून तो येतो. तो जास्त करून कंबर आणि माकडहाडाजवळचे सांधे धरतो, त्यामुळे लोक त्याला मणक्याचा वात समजतात. मनगटात कमी. पण संशय असेल तर फॉर्मवर ठळक लिहायला सांगा, कारण हा जंतू कल्चर करणाऱ्या माणसालाच लागतो. हे मी थोडं स्वार्थाने सांगतेय. चिकुनगुनियाने बरेच सांधे धरतात, तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाही.

तर करायचं काय? स्टिरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका, खूप दिवस घेतलेलं असेल तर ते धोक्याचं असतं. डॉक्टरांना सरळ विचारा, 'मनगटातलं पाणी किंवा आतल्या आवरणाचा तुकडा तपासता येईल का?' हो म्हणाले, तर आदल्या दिवशी लॅबला फोन करा. तुकड्याचे दोन भाग, दोन डब्या. सलाईनच्या डबीसोबतच्या फॉर्मवर क्षय, क्षयाचे भाऊबंद आणि बुरशी, तिन्हीचं कल्चर लिहून घ्या. काटा, गाई, मासे जे असेल ते तिथेच एका ओळीत. क्षयाचं कल्चर ६ आठवड्यांपर्यंत चालतं, तेव्हा चौथ्या दिवशी लॅबवाल्याशी भांडू नका. आणि आमवातासाठी कोणी महागडी बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं सुचवली, तर त्याआधी छातीचा एक्स-रे आणि माँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही झोपलेल्या क्षयाची चाचणी झालीच पाहिजे. त्यातल्या काही औषधांनी झोपलेला क्षय जागा होतो.

क्षय निघालाच, तर सरकारी औषधं मोफत मिळतात आणि नोंद झाली की निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). सांध्यासाठी औषध १२ महिने किंवा त्याहून जास्त चालतं. लघवी केशरी होते, त्याने घाबरू नका. दादाने पहिल्याच दिवशी घाबरून मला रात्री साडेअकराला फोन केला होता.

तो आता बरा आहे, बागेत दिवसभर उभा असतो. गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची शोधावी लागते.

काट्याचं आईंना विचारून इथेच खाली लिहा.