वाचकांचे प्रश्न : घरच्या मिक्सरमध्ये काजूचे लोणी आणि सुकामेव्याचे पीठ

प्रश्न : बागेतले काजूगर भाजून मी मिक्सरमध्ये फिरवते. पाच-सहा मिनिटांनंतर त्यांचा गोळा होऊन तो भांड्याला चिकटतो आणि मोटर तापल्याचा वास येऊ लागतो. सैल व्हावे म्हणून दोन चमचे पाणी घातले, तर मिश्रण आणखीच घट्ट झाले. काजूचे लोणी घरी होतच नाही का?
– एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : होते, आणि उत्तम होते. आपण जेथे थांबता, तेथून लोणी फार लांब नसते. काजूगराच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग तेलाचा असतो, पण ते पेशींच्या आत कोंडलेले असते. पाती फिरू लागली की आधी रव्यासारखा भुगा होतो. मग थोडे तेल सुटून भुग्याचे कण एकमेकांना धरतात आणि गोळा तयार होतो. त्यापुढेही धीराने फिरवत राहिले, तर तेल इतके सुटते की तोच गोळा सैल पडून चकचकीत होतो आणि चमच्यावरून सावकाश ओघळू लागतो. बहुतेक जण गोळ्याच्या टप्प्यावरच हात टेकतात.

पाणी मात्र थेंबभरही घालू नये. काजूत पिष्टमय पदार्थ बराच असतो. तो पाणी शोषून घेतो, कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि तेलाबरोबर सरकायचे थांबतात. मध किंवा ओलसर गूळ घातल्यानेही हेच होते. गोडी हवी असल्यास कोरडी पिठीसाखर शेवटी मिसळावी. शेंगदाण्यात तेल थोडे अधिक असल्याने त्याचे लोणी वरून काही न घालता होते. काजूला मात्र गोळ्याच्या टप्प्यावर पाव किलोला एक-दोन चमचे वास नसलेले तेल द्यायला हरकत नाही.

काजूगर मंद आचेवर, रंग किंचित बदलेपर्यंतच भाजावेत आणि कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालावेत, कारण उबेने तेल लवकर सुटते. पाती पूर्ण झाकली जातील एवढा माल भांड्यात हवा. मोठ्या भांड्यात मूठभर काजू घातले तर ते कडेला उडून बसतात आणि पाती नुसतीच फिरतात. एका वेळी अर्धा-पाऊण मिनिटच फिरवावे, झाकण काढून कडेचे मिश्रण कोरड्या उलथण्याने खाली लोटावे आणि भांडे हाताला गरम लागत असेल तर मोटरला चांगली विश्रांती द्यावी. जळका वास आला की त्या दिवसापुरते काम बंद करणे हेच शहाणपणाचे. अख्खे, मोठे गर यासाठी वापरणे मला तरी जिवावर येते. बाजारात स्वस्त मिळणारी पाकळी किंवा तुकडा लोण्याला तितकाच चांगला.

एक गोष्ट आवर्जून सांगते. उसळीचे ओले काजूगर या कामाचे नाहीत, कारण त्यांत पाणी भरपूर असते. घरी बिया भाजून फोडत असाल, तर टरफलातल्या चिकाने त्वचा भाजते आणि त्याचा धूरही त्रासदायक असतो. हे काम उघड्यावर, हाताला तेल लावून करावे आणि गराला चीक लागू देऊ नये.

प्रश्न : बिस्किटांसाठी बदामाचे पीठ करताना ते मोकळे न राहता गुठळ्या होऊन तेलकट का होते?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : कारण आपण नकळत बदामाचे लोणी करू लागता. लोण्याला ऊब आणि वेळ हवा असतो, तर पिठाला गारवा आणि घाई. बदाम सोलून अगदी कडकडीत वाळवावेत, तासभर डबाबंद करून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि लहान भांड्यात अर्धेच भरून, बटण दाबून लगेच सोडत, अशा झटक्यांनी दळावेत. मैद्याच्या चाळणीने चाळून वरचा रवा पुन्हा गार करून मग फिरवावा. पाककृतीत साखर असेलच, तर तिच्यातली दोन चमचे साखर बदामाबरोबरच दळल्यास ती सुटणारे तेल धरून ठेवते आणि पीठ मोकळे राहते.

प्रश्न : शेंगदाणे घरघंटीत दळले, तर जाळी बंद झाली. मग घरघंटीत आठळ्या (फणसाच्या बिया) तरी दळता येतील का?
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : शेंगदाणे, काजू, खोबरे, तीळ यांपैकी काहीही घरघंटीत घालू नये, सुटलेल्या तेलाने पीठ जाळीच्या छिद्रांत थापले जाते. आठळीत तेल नगण्य आणि पिष्टमय पदार्थ भरपूर, म्हणून ती धान्यासारखीच दळली जाते. आठळ्या उकडून, वरचे पांढरे साल काढून, पातळ काप करून कडक उन्हात वाळवाव्यात. काप दोन बोटांत धरून मोडल्यावर टचकन आवाज झाला, तरच दळावे. वाकला तर आणखी एक ऊन द्यावे. हे पीठ एकट्याने चिवट होत नाही, म्हणून भाकरीसाठी तांदळाच्या पिठात पाव हिस्सा मिसळून पाहावे.

प्रश्न : पावसाळ्यात हे सारे किती टिकते?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत कठीण. माल आधी सादळतो, मग खवट होतो किंवा त्याला बुरशी येते. म्हणून पावसाळ्यात थोडे-थोडेच करावे. दळण्याआधी गर पुन्हा हलके भाजून पूर्ण गार करावेत. लोण्यासाठी मात्र कोमट असतानाच दळावेत. लोणी कोरड्या काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवले, तर महिनाभर चांगले राहते; वर तेल तरंगले तर ते ओतून न देता ढवळून घ्यावे. पिठाचा डबा फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नये. बाहेरच्या दमट हवेतले पाणी गार पिठावर बसते आणि गुठळ्या होतात, म्हणून डबा बंद असतानाच घरातल्या हवेइतका कोमट होऊ द्यावा.

शेंगदाण्याला बुरशीचा वास, हिरवट-काळपट डाग किंवा कडवट चव असेल, तर निवडून बाकीचे वापरण्याचा मोह टाळावा आणि सगळेच टाकून द्यावे. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते. ते यकृताला घातक असते आणि घरी भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही.