प्लेसमेंट वर्ष: रुजू होतानाचा एक फॉर्म

ब्रिटनमध्ये प्लेसमेंटला (पदवीच्या अभ्यासक्रमातल्या नोकरीच्या वर्षाला) रुजू होताना एचआर 'स्टार्टर चेकलिस्ट' देतं. तुझ्या पगारावर कर किती कापायचा ते या फॉर्मवरून ठरतं, आणि त्यात ए, बी, सी या तीन विधानांपैकी एक निवडायचं असतं. घाईत भरू नकोस. ६ एप्रिलनंतरची, म्हणजे करवर्ष सुरू झाल्यापासूनची, ही पहिलीच नोकरी असेल तर 'ए'. मधे कॅफेत वगैरे काम करून सोडलं असेल तर 'बी', आणि तिथला पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा, पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मागून घे. 'सी' म्हणजे दुसरी नोकरीही चालू आहे; चुकून त्यावर खूण केलीस की 'बीआर' हा कर-कोड लागतो, पहिल्या पौंडापासून २० टक्के कर कापला जातो. पगाराच्या स्लिपवर १२५७एल हा कर-कोड दिसायला हवा, म्हणजे वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त.

स्टुडंट व्हिसावर असशील तर विद्यापीठाच्या लेखी मंजुरीआधी रुजू होऊ नकोस, मॅनेजर कितीही गळ घालो.

आणि दर शुक्रवारी दहा मिनिटं नोंद कर: कोणती एक्सेल शीट, काय बदललं, किती वेळ वाचला. प्लेसमेंटचा अहवाल लिहायला बसल्यावर सप्टेंबरातलं काहीही आठवत नाही.