सुई टोचताच भोवळ येते, त्यात व्हेगसचा काय संबंध?

रक्त काढताना तुम्हाला भोवळ येते आणि डॉक्टर त्यासाठी ‘व्हेगस’कडे बोट दाखवतात, तर ही नस नेमके करते काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपुरात रक्ताचे नमुने घेण्याचे काम करतो, त्यामुळे तिचे प्रताप मला खुर्चीवरच्या चेहऱ्यांवर दिसतात.

बोलताना आपण ‘नस’ शिरेलाही म्हणतो आणि मज्जातंतूलाही. मी सुई घालतो ती शीर. व्हेगस हा मज्जातंतू. मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी ही दहावी. मानेतून उतरून ती घसा, फुफ्फुसे, हृदय, जठर असे करीत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत जाते. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘भटका’ असा आहे. तिची एक फांदी कानातही येते, म्हणून कान कोरताना काहींना उगाच खोकला येतो. तिच्यातील सुमारे 80 टक्के तंतू हुकूम खाली नेत नाहीत, तर अवयवांची खबर मेंदूला देतात.

हृदयाच्या बाबतीत मात्र ती ब्रेकचे काम करते. हृदय स्वतःच्या लयीवर सोडले तर मिनिटाला सुमारे 100 ठोके देते. विश्रांतीत ते 70 च्या आसपास राहतात ते हिच्यामुळे. 1921 मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला आणि त्या हृदयातील द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा तेही मंदावले. व्हेगसमुळे द्रावणात उतरलेले ते रसायन म्हणजे असिटाइलकोलीन. या कार्यासाठी त्यांना 1936 चे नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत विभागून मिळाले.

सुई किंवा रक्त पाहून काहींचा हा ब्रेक एकदम दाबला जातो आणि त्याच वेळी रक्तवाहिन्याही सैलावतात, त्यामुळे रक्तदाब घसरून मेंदूला रक्त कमी पडते. मे महिन्यात उपाशीपोटी उन्हातून आलेल्या माणसाला जांभया येऊ लागल्या, ओठ पांढरे पडले, कपाळावर गार घाम आला आणि बोटाखालची नाडी मंदावली, की मी सुई काढून त्याला आडवे करतो व पाय उंच ठेवतो. बहुधा थोड्याच वेळात रंग परततो.

पुढच्या वेळी आधीच सांगा, नमुना झोपवून घेता येतो. उपाशीपोटीच्या तपासणीला साधे पाणी सहसा चालते, तेही पिऊन या. मात्र धावताना, जिना चढताना किंवा छातीत धडधड होऊन शुद्ध हरपत असेल, तर ते व्हेगसच्या खात्यावर न टाकता लगेच डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या.