नोकरी सांभाळून कलाशिक्षणात पदव्युत्तर : एम.एड., एम.ए. की एम.व्ही.ए.?

नोकरी सांभाळून कलाशिक्षणात पदव्युत्तर पदवी कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंत. तुमची परिस्थिती अशी समजतो : कोल्हापुरात अनुदानित माध्यमिक शाळेत कलाशिक्षक, ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालेलं, पुढे बहिःस्थ बी.ए., बी.एड. नाही, आणि नोकरी सोडायची नाही.

मग एम.एड. बाजूला ठेवा. त्याच्या प्रवेशाला बी.एड. किंवा पदवीसोबत डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) असं किमान 50 टक्क्यांनी लागतं. त्या यादीत ए.टी.डी. नाही. शिवाय राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमांत हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, वर्षाला किमान 200 दिवस आणि 80 टक्के हजेरीसह. ‘हजेरीचं आम्ही बघतो’ म्हणणारं कॉलेज भेटलं तर तिथून उठा. त्याच तारखांना शाळेच्या मस्टरवरही (हजेरीपटावरही) तुमची सही असते आणि पडताळणीत दोन्ही कागद समोरासमोर येतात.

एम.व्ही.ए. किंवा एम.एफ.ए. या दृश्यकलेतल्या पदव्युत्तर पदव्यांना दृश्यकलेचीच पदवी लागते, साधी बी.ए. चालत नाही. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे, पण तिथं जायचं तर रजा काढून राहावं लागेल. डिप.ए.एड. (डिप्लोमा इन आर्ट एज्युकेशन) आणि ए.एम. (आर्ट मास्टर) उपयोगी आहेत, मात्र त्या पदविका आहेत, पदव्युत्तर पदवी नव्हे.

राहिलं दूरशिक्षणातलं एम.ए. (शिक्षणशास्त्र), आणि माझं मत त्यालाच. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) अभ्यासक्रमाला कोणतीही पदवी चालते, किमान 2 आणि कमाल 4 वर्षं मिळतात. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठीच हवं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कोल्हापूर विभागीय केंद्रात चौकशी करा. विद्यापीठ कोणतंही असो, त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. प्रवेशाआधीच मुख्याध्यापकांमार्फत संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि निकालानंतर सेवापुस्तकात नोंद करून घ्या. निवड श्रेणीसाठी (शिक्षकांच्या वरच्या वेतनश्रेणीसाठी) ही पदवी धरतात का, याचं उत्तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखीच मागा. स्टाफरूममधल्या माहितीवर विसंबू नका.

या पदवीत ‘कला’ फारशी नसते. ती आणायची जागा म्हणजे लघुप्रबंध, म्हणून विषय प्रवेशाच्या वेळीच डोक्यात हवा. ‘कोल्हापूर शहरातील विद्यार्थ्यांची चित्रकलेविषयीची अभिवृत्ती’ असले विषय घेऊ नका. प्रश्नावली वाटली की सगळी मुलं ‘आवडते’वर खूण करतात, कारण ती गोळा करणारे चित्रकलेचे सरच असतात.

त्यापेक्षा रोज दिसणारी एक चूक पकडा. आठवीच्या वस्तुचित्रात तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ दोन्ही टोकांना टोकदार येतं आणि बूड सरळ रेषेत. मुलाला माहीत असतं की बूड टेबलावर सपाट बसलंय, म्हणून ते माहीत असलेलं काढतं, दिसणारं नाही. हे निरीक्षणाच्या सरावानं किती सुधारतं, एवढाच प्रश्न लघुप्रबंधाला पुरतो. सरावाला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली मडकी आणा. जमलं तर एक तास टाऊन हॉल संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंसमोर घ्या.

रचना साधी ठेवा. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या, एकीला नेहमीचं अध्यापन, दुसरीला निरीक्षण-सराव. आठवड्याला 35 मिनिटांचे 2 तास धरले तर 6 आठवड्यांत 12 तासिका, म्हणजे फक्त 7 घड्याळी तास. त्यात मावेल तेवढंच योजा. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीत तीच मांडणी ठेवलीत तर पाठांतर मोजलं जाईल. वस्तू बदला, पण अवघडपणा सारखा ठेवा आणि मुलांच्या डोळ्यांची पातळीही तीच. लंबवर्तुळाची रुंदी त्या पातळीवरच ठरते.

गुणदानात बहुतेकांचं घोडं अडतं. लंबवर्तुळ, बुडाचा वळसा, प्रमाण, मांडणी आणि छायाप्रकाश असे 5 निकष, प्रत्येकी 4 गुण, एकूण 20. प्रत्येक गुणाला नमुन्याचं एक चित्र लावून ठेवा, म्हणजे 2 आणि 3 मधला फरक दिसेल. कागदामागे नावाऐवजी क्रमांक टाका, दोन्ही तुकड्यांचे कागद मिसळा, स्वतः तपासा आणि दुसऱ्या शाळेतल्या कलाशिक्षकाकडूनही स्वतंत्रपणे तपासून घ्या. दोघांच्या गुणांत 3 पेक्षा जास्त फरक आला तर निकषाची भाषा ढोबळ आहे असं समजा. सरासरी काढायची घाई करू नका, आधी निकष दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा.

वेळापत्रक जुलै ते मध्य ऑगस्ट असं बसवा. पुढे गणपती, मग एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी. डिसेंबरात स्नेहसंमेलनाचा रंगमंच कुणाच्या गळ्यात पडतो ते तुम्हाला माहीत आहेच. दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचेच गुण विश्लेषणात येतात, म्हणून तुकडीत 30 पेक्षा कमी मुलं असतील तर गळतीनंतर हातात फार थोडी उरतात.

मार्गदर्शक बहुधा शिक्षणशास्त्राचे असतील, चित्रकलेचे नाहीत. ‘चित्राला गुण वस्तुनिष्ठ कसे देणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्यामुळे संशोधनाच्या आराखड्यासोबतच निकषांचा तक्ता आणि दोघांनी तपासलेली दहा-बारा चित्रं जोडा. आराखडा त्या एका प्रश्नावर परत येणार नाही.