'ग्रेज ॲनाटॉमी'चा चौथा सीझन आधी, की 'प्रायव्हेट प्रॅक्टिस'?

'ग्रेज ॲनाटॉमी' या अमेरिकन हॉस्पिटल-मालिकेचा तिसरा सीझन संपवून तुम्ही विचारलंय की आता चौथा लावू की तिच्यातल्याच डॉ. ॲडिसनवर बेतलेली 'प्रायव्हेट प्रॅक्टिस', आणि ही दुसरी मालिका मूळ मालिकेच्या तोडीची आहे का. दोन्ही मी एकदा नाही, तीनदा पाहिल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोठे धक्के सांगत नाही.

तोडीची आहे का, तर पहिल्या सीझनपुरतं स्पष्ट 'नाही'. त्याला कलाकार जबाबदार नाहीत. ऑड्रा मॅकडॉनल्ड, एमी ब्रेनमन, टिम डॅली, टे डिग्ज अशी फळी कुठल्याही मालिकेने मिरवावी. अडचण जागेची आहे. 'ग्रेज'मधलं सिअ‍ॅटल ग्रेस हे शिकवणारं हॉस्पिटल आहे. तिथे सतत कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी करत असतं आणि मागे कुणीतरी डोळे वटारून उभं असतं. नाट्य तिथून येतं. 'प्रॅक्टिस'मधल्या सँटा मोनिकाच्या ओशनसाइड वेलनेसमध्ये सगळे आपापल्या विषयात आधीच मुरलेले. शिकायचं कुणी, चुकायचं कुणी? मग लेखकांनी त्यांना प्रेमात आणि घटस्फोटात चुकायला लावलं. त्यात सर्वात जास्त नुकसान ॲडिसनचं झालं. 'ग्रेज'च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या दृश्यात जी बाई नुसती चालत आली आणि नायिका मेरेडिथच्या पायाखालची जमीन सरकली, तीच इथे सुरुवातीला सारखी गोंधळलेली दिसते. मला ते अजूनही लागतं.

'ग्रेज'च्या चौथ्या सीझनमध्ये मात्र शिकण्याचीच बाजू पालटते. मेरेडिथ, क्रिस्टिना, इझी, ॲलेक्स आता रेसिडेंट, त्यांच्या हाताखाली नवे इंटर्न म्हणजे पहिल्या वर्षाचे शिकाऊ डॉक्टर, आणि जॉर्ज पुन्हा पहिल्या वर्षात. मेरेडिथची सावत्र बहीण लेक्सी त्याच इंटर्नांमध्ये येते. माझी धाकटी बहीण रेसिडेन्सी करत असताना आम्ही हा सीझन एकत्र पाहिला. ऑपरेशनच्या दृश्यांवर ती वाद घालायची, पण परवापर्यंत आपण ज्या रांगेत होतो त्या रांगेसमोर उभं राहायची धास्ती तिला तंतोतंत पटली. डॉ. हान ही नवी हृदयशल्यविशारद क्रिस्टिनाला जवळ उभंच करत नाही, आणि हुशार विद्यार्थ्याची ती उपासमार सँड्रा ओ नुसत्या चेहऱ्याने दाखवते. ॲम्ब्युलन्सच्या अपघाताचे दोन भाग तर चुकवूच नका. अंगावर... नाही, ते सांगत नाही. त्यांची वरिष्ठ डॉ. बेली हिच्याकडे बघत राहा, एवढंच. जॉर्ज-इझीचं प्रकरण कंटाळवाणं आहे, ते सोसावं लागेल.

तरीही 'प्रायव्हेट प्रॅक्टिस' सोडू नका, कारण तिचं बळ वेगळं आहे. ज्या प्रश्नांना सुरी लावून उत्तर मिळत नाही ते प्रश्न ती घेते. जन्माच्या वेळी अदलाबदल झालेली बाळं, दोन घरं, आणि आता कुणाचं मूल कुणाकडे? दुकानातल्या फरशा मोजत बसलेल्या बाईपाशी मानसोपचारतज्ज्ञ व्हायोलेट ज्या धीराने थांबते, तसा धीर सिअ‍ॅटलमध्ये कुणाकडेच नाही. डॉ. शार्लट किंगवर सुरुवातीपासून लक्ष ठेवा. 'प्रॅक्टिस'च्या चौथ्या सीझनमध्ये तिच्या भूमिकेत केडी स्ट्रिकलंडने जे काम केलंय, ते मी दोन्ही मालिकांतल्या उत्तम अभिनयात धरते. तो भाग जड आहे, एकटं असताना बघू नका.

आता क्रम. दोन्ही सप्टेंबर 2007 मध्ये लागोपाठच्या दिवशी सुरू झाल्या आणि त्या हिवाळ्यातल्या लेखकांच्या संपाने दोन्हींना कात्री लागली. 'ग्रेज'चे 17 भाग झाले, 'प्रॅक्टिस'चे फक्त 9. म्हणून 'ग्रेज'चे पहिले 11 भाग पाहा, मग 'प्रॅक्टिस'चे 9, मग उरलेले 6. तेराव्या भागात ॲडिसन सिअ‍ॅटलला येते. तोवर तिचं नवं घर तुमच्या ओळखीचं झालेलं असेल, आणि जुन्या लोकांसमोर ती काय दाखवते, काय लपवते ते कळेल. पुढे 'ग्रेज'चा पाचवा आणि 'प्रॅक्टिस'चा दुसरा सीझन जोडीने बघा, कारण ॲडिसनच्या भावाची गोष्ट या मालिकेतून त्या मालिकेत जाते.

आणि हो, 'ग्रेज'च्या तिसऱ्या सीझनमधल्या, 'प्रॅक्टिस'ची ओळख करून देणाऱ्या दोन तासांच्या भागात ॲडिसनची मैत्रीण नेओमी वेगळ्या अभिनेत्रीने केली होती, मेरिन डंगीने. मालिकेत ती ऑड्रा मॅकडॉनल्ड आहे. पात्र तेच आहे.